आठवा आरोप कोणावर?

पश्चिम आशियात युद्ध पेटले की हिब्रू बायबलमधली ठरावीक वचने फिरायला लागतात. सीरियातल्या यादवीत यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या १७व्या अध्यायाची सुरुवात फिरली: दिमिष्क (आजचे दमास्कस) हे शहर उरणार नाही, त्याचा ढिगारा होईल. १९९१ आणि २००३ मध्ये इराकवर बॉम्ब पडत होते तेव्हा यिर्मयाचे ५० आणि ५१ हे अध्याय बाहेर निघाले. त्यांत बाबेलचा (बॅबिलॉनचा) नाश आहे, आणि बाबेलचे अवशेष बगदादच्या दक्षिणेला हिल्ला शहराजवळ आहेत. एवढा पुरावा लोकांना पुरला. शीतयुद्धात यहेज्केलमधला गोग, उत्तरेकडून इस्राएलवर चाल करून येणारा शत्रू, म्हणजे सोव्हिएत रशियाच, असे छातीठोकपणे सांगणारे होते. गज्जाचे नाव तर आमोसच्या पहिल्याच अध्यायात आहे. ते वाचून आजच्या गाझावर पडणाऱ्या बॉम्बना देवाची संमती मिळाली असे मानणारे आहेत, आणि त्याच पुस्तकातली पुढची पाने फाडून आजच्या इस्राएल राज्याच्या तोंडावर फेकणारेही आहेत.

दोघांचीही चूक एकच आहे. ते नाव वाचतात, शिक्षा वाचतात आणि मधला आरोप गाळतात.

जुलमी राष्ट्रांवरच्या दंडाची ही वचने थोडीथोडकी नाहीत. आमोसचे पहिले दोन अध्याय, यशयाचे १३ ते २३, यिर्मयाचे ४६ ते ५१, यहेज्केलचे २५ ते ३२, शिवाय नहूम आणि ओबद्या ही छोटी पुस्तके जवळजवळ संपूर्ण. ही वचने सार्वजनिक वादात आणू नयेत असे माझे म्हणणे नाही. जरूर आणावीत. पण आणणाऱ्याला एक अट पाळावी लागेल, आणि ती अट मी बाहेरून लादत नाही, त्या वचनांच्या रचनेतच ती आहे. ज्या मापाने परके राष्ट्र मोजले त्याच मापाने स्वतःचे राष्ट्र मोजायचे. तेवढे करायची तयारी नसेल तर ही वचने त्याच्यासाठी नाहीत.

आमोसपासून सुरुवात करू, कारण रचना तिथे सर्वांत उघड दिसते. हा यहूदा या दक्षिणेकडच्या राज्यातल्या तकोवा गावचा माणूस, बेथलेहेमच्या दक्षिणेकडचा. मेंढरे राखणारा आणि उंबरासारख्या रानटी अंजिरांच्या झाडांची निगा करणारा. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यावर तो सीमा ओलांडून उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि तिथल्या बेथेल या राजमान्य देवस्थानात बोलला. राजा होता दुसरा यराबाम. राज्याची भरभराट होती, सीमा वाढल्या होत्या.

त्याच्या पहिल्या दोन अध्यायांत आठ वचने आहेत आणि आठांचा साचा जवळजवळ एकच. आधी ‘परमेश्वर असे म्हणतो’. मग ‘तीन अपराधांमुळे, नव्हे चारांमुळे, मी शिक्षा मागे घेणार नाही’. मग ‘कारण’ म्हणून नेमका गुन्हा, आणि शेवटी शिक्षा. बहुतेक ठिकाणी ती आग आहे, तटबंदी आणि वाडे जाळणारी. यातला ‘कारण’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि फिरणाऱ्या वचनांतून नेमका तोच गळालेला असतो.

हे गुन्हे काय आहेत? दिमिष्काने गिलाद प्रांताची लोखंडी दात्यांच्या अवजारांनी मळणी केली. हे अवजार म्हणजे खालून दाते बसवलेली जड फळी, खळ्यात बैलांनी ओढायची. ती माणसांवरून फिरवली असा आरोप आहे, मग तो शब्दशः घ्या किंवा मोहिमेच्या क्रौर्याचे वर्णन म्हणून घ्या. गज्जाने अख्खीच्या अख्खी वस्ती कैद करून अदोमला विकली. सोर (टायर) या बंदराच्या शहरानेही माणसे अदोमच्या हवाली केली, आणि तेही भाऊबंदकीचा करार असताना. अदोमने भावावर तलवार उपसली, दया गुंडाळून ठेवली. अम्मोनने आपली हद्द वाढवायची म्हणून गिलादातल्या गरोदर बायकांची पोटे फाडली. मवाबने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला.

या शेवटच्या गुन्ह्यापाशी जरा थांबले पाहिजे. मवाबने इस्राएलचे काहीच वाकडे केलेले नाही. ज्याची विटंबना झाली तो अदोमचा राजा, म्हणजे दोनच वचने आधी ज्याला दोषी ठरवले त्या राष्ट्राचा. तरीही देव मवाबला जाब विचारतो. आमोसचा देव आपल्या माणसांचा सूड घेणारा कुलदेव असता तर हे वचन इथे असण्याचे काही कारण नव्हते. शत्रूच्या मेलेल्या राजाचा देहही जाळून चुना करण्याची वस्तू नाही, एवढा नियम इथे गृहीत धरला आहे, आणि तो तिऱ्हाइतांमध्येही लागू आहे.

दुसरी गोष्ट: या सहा परक्या राष्ट्रांपैकी एकावरही मूर्तिपूजेचा आरोप नाही. त्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळालेले नव्हते, म्हणून त्या नियमांवरून त्यांना जोखलेले नाही. त्यांना जोखले आहे ते कोणत्याही माणसाला, कोणत्याही देवाला मानणाऱ्याला, कळायला हवे अशा गोष्टींवरून. वस्त्या उठवणे, माणसांचा व्यापार, गर्भवतींची हत्या, मृतांची विटंबना, करारभंग. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९वे कलम ताब्यातल्या प्रदेशातून लोकांना सक्तीने हलवायला मनाई करते. गज्जावरच्या आरोपाचा गाभा तोच आहे. आमोसने आंतरराष्ट्रीय कायदा लिहिला असा दावा करायला मी धजणार नाही. पण देवावर विश्वास नसलेल्या वाचकालाही ही यादी तपासता येते, हे तिचे बळ आहे. आरोप सिद्ध करायला श्रद्धा लागत नाही, साक्षीदार लागतात.

आता नकाशा समोर घ्या. दिमिष्क ईशान्येला, गज्जा नैर्ऋत्येला, सोर वायव्येला, अदोम आग्नेयेला, मग पूर्वेकडचे अम्मोन आणि मवाब. बेथेलच्या गर्दीभोवती चारही बाजूंनी फास आवळत येतो. प्रत्येक नावाला गर्दी खूश होत असणार. सातवे नाव यहूदाचे, आमोसचे स्वतःचे राज्य आणि उत्तरेचा जुना प्रतिस्पर्धी. तिथेही बेथेलमध्ये कोणाला वाईट वाटले नसेल. आणि आठवे नाव येते ते ऐकणाऱ्यांचेच, आणि ते सर्वांत लांब आहे.

त्यातले आरोप युद्धाचे नाहीत, बाजाराचे आणि कचेरीचे आहेत. निर्दोष माणूस चांदीसाठी विकला, गरीब माणूस जोडाभर वहाणांसाठी. म्हणजे किरकोळ कर्जापायी माणूस गुलामीत गेला. बाप आणि मुलगा एकाच मुलीकडे जातात. दंड म्हणून वसूल केलेला द्राक्षारस देवळात पितात. आणि गहाण ठेवून घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी लोळतात. निर्गम या नियमशास्त्रातल्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात नियम आहे की गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेच तर सूर्य मावळायच्या आत परत करायचे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्यापाशी दुसरे काही नाही. वस्त्रांचा हा आरोप नुसता अलंकार नव्हता. १९६०मध्ये इस्राएलच्या किनाऱ्याजवळ मेसाद हशव्याहू इथे इ.स.पू. सातव्या शतकातला, म्हणजे आमोसनंतर शतकाहून अधिक काळाचा, शाईने लिहिलेला खापराचा तुकडा सापडला. त्यात एक कापणी करणारा मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतो: मी ठरलेले काम पुरे केले, तरी होशायाहू नावाच्या माणसाने माझे वस्त्र काढून घेतले, माझ्याबरोबरचे कापणी करणारे साक्ष देतील. नियम होता, नियमाला बगल देणारे होते आणि अंगावरचे वस्त्र परत मागणारा मजूर होता.

उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन, तिथल्या उत्खननात १९३०च्या दशकात हस्तिदंती नक्षीकामाचे शेकडो तुकडे निघाले. आमोस ज्या हस्तिदंती पलंगांवर आणि वाड्यांवर तोंडसुख घेतो, ते त्याने कल्पनेने रचले नव्हते.

काही अभ्यासकांच्या मते या आठांतली सगळी वचने आमोसची नाहीत. यहूदावरच्या वचनाची भाषा ‘अनुवाद’ या नियमशास्त्रातल्या पुस्तकाच्या परंपरेची वाटते. सोर आणि अदोम यांच्यावरच्याही वचनांबद्दल शंका घेतली जाते. ही शंका मला पटण्यासारखी वाटते आणि तिने माझ्या मुद्द्याचे नुकसान होत नाही, उलट तो बळकट होतो. उत्तरेचे राज्य बुडाल्यावर हे पुस्तक दक्षिणेत, यहूदात जपले गेले. तिथल्या संपादकांना हवे असते तर ‘बघा, उत्तरेचे कसे वाटोळे झाले’ एवढ्यावर समाधान मानता आले असते. त्यांनी आपलेच नाव आरोपींच्या यादीत घातले. आपल्याच राष्ट्राविरुद्ध वचन वाढवणारे संपादक कुठल्याही देशाच्या इतिहासात फारसे सापडत नाहीत.

यहुदी उपासनेतही याची खूण आहे. शब्बाथ सकाळी तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, वाचनानंतर संदेष्ट्यांमधला एक उतारा वाचतात. योसेफाला भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना विकल्याचा भाग ज्या आठवड्यात येतो, त्या आठवड्यात सहसा आमोसमधला उतारा असतो, आणि तो सुरू होतो दुसऱ्या अध्यायाच्या सहाव्या ओळीपासून. म्हणजे दिमिष्क, गज्जा, सोर सगळे बाजूला ठेवून थेट इस्राएलवरच्या आरोपापासून. कोकणातल्या बेने इस्राएलांची सभागृहेही हेच वार्षिक वाचनचक्र पाळतात.

राष्ट्रांवरच्या वचनांना ‘इस्राएलच्या शत्रूंची यादी’ म्हणणाऱ्यांनी यहेज्केलचा २७वा अध्याय वाचावा. सोरच्या व्यापाराचे ते वर्णन एखाद्या बंदराच्या वहीसारखे आहे: तार्शीशची चांदी, लोखंड, कथील, शिसे, हस्तिदंत आणि आबनूस, यावान, तुबाल आणि मेशेख यांच्याकडून येणारी माणसे आणि पितळेची भांडी. माणसे आणि भांडी एकाच ओळीत. आणि त्याच यादीत चार ओळींनंतर यहूदा आणि इस्राएल आहेत: गहू, मध, तेल, औषधी डिंक घेऊन. म्हणजे ज्या बाजारात माणसे विकली जात होती त्या बाजाराला धान्य पुरवणाऱ्यांत यरुशलेमचेही व्यापारी होते. यहेज्केल यावर भाष्य करत नाही. पण नाव त्याने गाळलेले नाही.

ओबद्याचे पुस्तक फक्त २१ ओळींचे. अदोमवरचा त्याचा मुख्य आरोप वार केल्याचा नाही, बाजूला उभे राहिल्याचा आहे. परके लोक यरुशलेमची लूट वाटून घेत होते त्या दिवशी तू दूर उभा होतास, तूही त्यांच्यातलाच झालास. मग आरोपाची पायरी चढत जाते: पाहिलेस, हसलास, आत शिरून लुटलेस आणि शेवटी वाटेच्या फाट्यावर उभे राहून पळून येणाऱ्यांना पकडून दिलेस. निर्वासितांसाठी सीमा बंद करणाऱ्या सरकारांनी हे पान वाचायला हरकत नाही, आणि त्यात केवळ एका खंडातली सरकारे येत नाहीत.

अश्शूरचे (असिरियाचे) प्रकरण जास्त अवघड आहे. हे साम्राज्य आपले क्रौर्य लपवत नव्हते, भिंतींवर कोरत होते. इ.स.पू. ७०१मध्ये त्याचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. तटबंदीची ४६ नगरे घेतली, २,००,१५० लोक बाहेर काढले, हिज्कीया राजाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडले, हा त्याचाच दावा. लाखीश नगर पडल्याची दृश्ये त्याने आपली राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात कोरून घेतली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेले, सोलले जाणारे कैदी आणि बैलगाड्यांवर सामान लादून चाललेली कुटुंबे त्यांत दिसतात. त्याआधी शोमरोन पडले तेव्हा अश्शूरचा राजा सर्गोन याने २७,२९० लोक हलवल्याची नोंद केली. लोकसंख्या उखडून दुसरीकडे रोवणे हे त्यांचे राज्य चालवण्याचे ठरलेले तंत्र होते: बंडाची मुळे तुटतात, मजूर मिळतात.

या अश्शूरला यशया १०व्या अध्यायात देवाच्या रागाची काठी म्हणतो. इथे वाचक गडबडतो. काठी देवाची असेल तर अश्शूरने केले ते बरोबरच केले, असे वाटू लागते. यशया तिथेच अडवतो. अश्शूरच्या मनात तसे नाही, त्याच्या मनात राष्ट्रे पुसून टाकणे आहे. कुऱ्हाड लाकूडतोड्यापुढे मिरवेल काय? यिर्मया पुढे बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याला देवाचा सेवक म्हणतो, आणि त्याच पुस्तकात बाबेलचा नाशही सांगितला आहे. यशयाच्या ४७व्या अध्यायात बाबेलवरचा आरोप इतका साधा आहे की तो नजरेतून निसटतो: मी माझे लोक तुझ्या हाती दिले, तू त्यांना दया दाखवली नाहीस, म्हाताऱ्यांवर तू जू फार जड केलेस. जखऱ्या पहिल्या अध्यायात म्हणतो की देव थोडासाच रागावला होता, राष्ट्रांनी अनर्थ वाढवला.

जिंकणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, हा यातून निघणारा निष्कर्ष सर्व महासत्तांना अडचणीचा आहे. एखाद्या हुकूमशहाला पाडणारे सैन्य योग्य कामाला आले असेलही. त्या सैन्याने तुरुंगात काय केले, वयस्कांशी कसे वागले, किती लुटले, याचा हिशेब वेगळा मांडला जातो. इराकमधल्या युद्धाच्या वेळी बाबेलवरची वचने उचलणाऱ्यांनी यशयाचे हे दहावे प्रकरण उचललेले दिसले नाही. सद्दाम हुसेनने १९८०च्या दशकात बाबेलच्या अवशेषांवर नव्या भिंती उभारल्या आणि विटांवर स्वतःचे नाव छापले, तेव्हा त्यानेही नबुखद्रेस्सर निवडला, त्याचा शेवट नाही.

मग भाकितांचे काय? ती खरी झाली की नाही? या प्रश्नात अडकून श्रद्धाळू आणि संशयवादी दोघेही वेळ घालवतात. तथ्ये अशी आहेत. दिमिष्क इ.स.पू. ७३२मध्ये अश्शूरच्या हाती पडले. आजही ते गजबजलेले शहर आहे. निनवे इ.स.पू. ६१२मध्ये बाबेली आणि मेदी फौजांनी सुमारे तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतले आणि ते पुन्हा कधी त्या पदाला पोचले नाही. बाबेलबद्दल यिर्मयात संपूर्ण विध्वंस सांगितला आहे, प्रत्यक्षात इ.स.पू. ५३९मध्ये पर्शियाचा राजा कोरेश (सायरस) याच्या फौजा लढाईशिवाय शहरात शिरल्या आणि दोनशे वर्षांनी सिकंदर तिथेच मेला, तेव्हाही ते मोठे शहर होते. सोरबद्दल यहेज्केलने सांगितले की नबुखद्रेस्सर त्याचे तट पाडील, लूट करील. वेढा तेरा वर्षे चालला, असे प्राचीन यहुदी इतिहासकार जोसीफस सांगतो. आणि मग यहेज्केलच्याच २९व्या अध्यायात, इ.स.पू. ५७१च्या तारखेसह, असे वचन येते: सोरपुढे प्रत्येक डोक्याला टक्कल पडले, प्रत्येक खांदा सोलवटला, पण राजाला आणि त्याच्या सैन्याला सोरकडून मजुरी मिळाली नाही, म्हणून मी त्याला मिसर (इजिप्त) देतो.

हे विलक्षण आहे. आधीचे वचन ठरल्याप्रमाणे घडले नाही हे त्याच पुस्तकात नोंदवले आहे, आणि कोणी जुने पान बदललेले नाही. या लेखकांना भाकीत म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक वाटत असते तर त्यांनी निदान ते दुरुस्त केले असते. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात कुंभाराच्या चाकापाशी नियमच सांगितला आहे: ज्या राष्ट्राविरुद्ध मी बोललो ते दुष्टपणापासून वळले तर मी बेत बदलीन, ज्याचे भले करीन म्हणालो ते बिघडले तर तोही बदलीन. राष्ट्र कोणते, हे तिथे सांगितलेलेच नाही. दंडाचे वचन ही ताकीद आहे, आणि ताकीद खोटी ठरली तर ती यशस्वी झाली असेही होऊ शकते. म्हणून दिमिष्कावर बॉम्ब पडल्यावर ‘वचन पूर्ण होत आहे’ म्हणून हरखणे हे वचनाचे अज्ञान आहे, आणि मेलेल्यांचा अपमान तर आहेच.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप नहूमचा. तीन अध्यायांचे हे पुस्तक निनवेच्या पतनाचा उघड आनंद आहे. त्यात यहूदावर एकही आरोप नाही. आठवे वचन नाही. मग ‘स्वतःलाही मोजा’ ही अट तिथे कुठे आहे?

नहूममध्ये ती नाही, हे मान्य केले पाहिजे. पण नहूम कोण बोलतो आहे हेही पाहिले पाहिजे. शतकभर खंडणी भरलेल्या, माणसे गमावलेल्या छोट्या देशाचा तो आवाज आहे. शेवटची ओळ म्हणते की तुझी बातमी ऐकणारे सगळे टाळ्या पिटतात, कारण तुझा अखंड जुलूम कोणावर झाला नाही? चिरडलेल्याने चिरडणाऱ्याच्या पतनावर टाळी वाजवावी आणि त्याला आपण आरामखुर्चीतून आत्मपरीक्षणाचा उपदेश करावा, हे मला शोभणारे वाटत नाही. स्तोत्र १३७ची शेवटची ओळ बाबेलची बाळे खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणते, तिच्याबद्दलही हेच म्हणता येईल. ती भयंकर आहे, पण ती बोलणाऱ्यांच्या हाती तेव्हा शस्त्र नव्हते. तीच ओळ रणगाडे असलेल्याने म्हटली की ती धमकी होते. कोणाचे तोंड, कोणाचा हात, यावर अर्थ फिरतो.

तरी नहूममध्ये माझा हात थांबतो अशी जागा आहे. तिसऱ्या अध्यायात निनवेला बाई कल्पून तिची उघडी विटंबना रंगवली आहे. यशयाच्या १३व्या अध्यायात बाबेलच्या बायकांवरचे अत्याचार दंडाचा भाग म्हणून येतात. दिमिष्क आणि अम्मोन यांना ज्या प्रकारच्या कृत्यांसाठी दोषी धरले त्याच प्रकारची कृत्ये इथे शिक्षा म्हणून येतात. युद्धात असे होते म्हणून तसे लिहिले, हे स्पष्टीकरण दिले जाते. ते अपुरे आहे. आमोसचे माप खरे असेल तर ते या ओळींनाही लावले पाहिजे, आणि लावल्यावर त्या उत्तीर्ण होत नाहीत.

हिब्रू परंपरेला ही अडचण जाणवली असावी, कारण बारा लहान संदेष्ट्यांच्या त्याच गुंडाळीत नहूमच्या थोडे आधी योना आहे. तेच शहर, निनवे. तिथे संदेष्ट्याला राग येतो तो निनवे वाचल्याचा, आणि देव विचारतो की उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी जनावरे असलेल्या शहराची मी कीव करू नये काय. जनावरेसुद्धा मोजली आहेत. प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला दुपारी, सभागृहात वाचतात ते नहूम नव्हे, योना. मवाबच्या बाबतीत यिर्मयाचा ४८वा अध्याय दंड सांगता सांगताच रडतो, माझे काळीज बासरीसारखे विव्हळते म्हणतो, आणि शेवटी मवाबला पुन्हा सुस्थिती देण्याचे वचन देतो. यशयाचा १९वा अध्याय तर मिसरला ‘माझे लोक’ आणि अश्शूरला ‘माझ्या हातचे काम’ म्हणतो. इस्राएलला गुलाम करणारे एक, उखडून टाकणारे दुसरे.

एक विरुद्ध टोकाची चूकही सांगितली पाहिजे, कारण सुशिक्षितांत ती जास्त आढळते: संदेष्टे मुळात आत्मटीका शिकवतात, म्हणून परक्या राष्ट्राच्या जुलमावर बोलणेच नको. हे सोयीचे सभ्यपण आहे. आमोसने आठवे वचन म्हटले म्हणून पहिली सहा रद्द होत नाहीत. गिलादातल्या त्या बायकांसाठी कोणीतरी अम्मोनचे नाव घ्यायलाच हवे होते.

दोन्ही गोष्टी एकत्र करणारे आधुनिक उदाहरण म्हणून मी ४ मार्च १८६५ या दिवशी अब्राहम लिंकनने केलेले छोटे भाषण घेईन. यादवी युद्ध जिंकत आलेल्या पक्षाचा तो प्रमुख होता. दक्षिणेला देवाने शिक्षा केली, असे म्हणणे सोपे होते आणि लोकांना ते हवेही होते. तो म्हणाला की गुलामगिरीच्या पापासाठी हे युद्ध उत्तर आणि दक्षिण दोघांनाही मिळालेला दंड आहे, आणि चाबकाने काढलेल्या रक्ताची भरपाई तलवारीने होईपर्यंत ते चालले तरी देवाचा न्याय खराच ठरेल. २८ ऑगस्ट १९६३ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन लूथर किंग यांनी आमोसची ‘न्याय पाण्यासारखा वाहो’ ही ओळ उच्चारली तीही स्वतःच्या देशाला उद्देशून. सोव्हिएत रशिया तेव्हा हाताशी होता, आणि त्याच्यावर ती ओळ वापरली असती तर टाळ्या अधिक मिळाल्या असत्या.

ज्यांना ही वचने प्रवचनात, लेखात किंवा चर्चेत वापरायची आहेत त्यांच्यासाठी व्यवहाराची गोष्ट एवढीच. सुटी ओळ वापरू नका. आमोस वापरायचा तर १:३ पासून ३:२ पर्यंत सलग वाचा. मोठ्याने वाचायला दहा मिनिटे पुरतात. ‘तुम्हांलाच मी ओळखले, म्हणून तुम्हांलाच जाब विचारीन’ ही ३:२ची ओळ आली नाही तर वाचन अर्धवट राहिले. यिर्मयाचे बाबेलवरचे अध्याय वाचायचे तर आधी २५वा वाचा. तिथे क्रोधाचा प्याला सगळ्या राष्ट्रांना पाजला जातो आणि पहिला घोट यरुशलेमला आहे. मग आरोप नावाशिवाय वेगळ्या कागदावर लिहून काढा: वस्ती उठवली, माणसे विकली, गहाण परत केले नाही. त्या कागदापुढे आज कोणकोणती नावे बसतात ते पाहा. फक्त एकाच बाजूची नावे बसत असतील तर कागद पुन्हा तपासा.

खरा संदेष्टा कोण आणि खोटा कोण, याचा निकालही इथेच लागतो. यहूदाच्या सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५९४-५९३च्या सुमारास, हनन्या नावाच्या संदेष्ट्याने यरुशलेमच्या मंदिरात जाहीर केले की देवाने बाबेलचे जू मोडले आहे, दोन वर्षांत लुटलेली भांडी परत येतील. त्याने यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू काढून सर्वांसमोर मोडले. यिर्मयाचे २८वे प्रकरण त्याला खोटा ठरवते. पण ५१व्या प्रकरणाच्या शेवटी पाहा: त्याच चौथ्या वर्षी यिर्मयाने स्वतः बाबेलचा नाश एका गुंडाळीवर लिहून, बाबेलला निघालेल्या सराया नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती पाठवला. म्हणजे बाबेल पडणार, हे दोघेही सांगत होते. फरक असा की हनन्याच्या बोलण्यात यरुशलेमवर काहीच आरोप नव्हता, मंदिरातल्या लोकांना फक्त आनंद होता. यिर्मयाला त्या शहराने पुढे चिखलाच्या टाक्यात सोडले; त्याच्याआधी यहोयाकीम राजाने उरीया नावाच्या संदेष्ट्याला मिसरातून धरून आणून मारले होते. बाबेलला शिव्या दिल्याबद्दल यरुशलेमात कोणालाही शिक्षा झाली नाही. आणि सरायाला दिलेली सूचना स्पष्ट होती: ती गुंडाळी बाबेलमध्ये पोचल्यावर वाचायची होती.